वसतिगृहातल्या शिस्तीची साक्ष

धार्मिक संस्थेच्या वसतिगृहात वाढलेली माणसं चाळिशी-पन्नाशीत एकत्र आली की आठवणींचे दोन सूर निघतात. एक सांगतो, पहाटेची घंटा, थंड पाण्याची आंघोळ, प्रार्थना, पाठांतर, ठरल्या वेळचं जेवण यांनी मला घडवलं. ते बोर्डिंग नसतं तर मी गावातच राहिलो असतो. दुसरा सांगतो, तिथं मी भ्यायला शिकलो, आणि ती भीती अजून गेलेली नाही. बरेचदा हे दोघं एकाच तुकडीतले, एकाच खोलीत झोपलेले असतात. पालकांचंही तसंच. एकाची आई अभिमानानं सांगते की लेकाला वळण लागलं. दुसऱ्याच्या आईला ही खंत असते की सुट्टीवरून परत जाताना मूल एसटीत चढत नव्हतं, आणि आपण त्याला ढकलून बसवलं.

यातलं खरं काय, असा प्रश्न लगेच विचारला जातो, आणि चर्चा तिथंच बिघडते. शाळेची बाजू घेणारे पहिला सूर पुढे करतात, विरोधक दुसरा. दोन्ही साक्षी खऱ्या असू शकतात, नव्हे बहुधा असतातच. म्हणून शिस्त किती कडक होती यापेक्षा वेगळा प्रश्न विचारावा लागतो: तिथल्या मुलाला त्रास झाला तर तो सांगायला जागा होती का, आणि सांगितल्यावर त्याचं काय झालं? सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या इतिहासात या प्रश्नाचं उत्तर शोधायला भरपूर सामग्री आहे. १९४९ पर्यंत यातला बराच भाग एकाच जिल्ह्यात होता. मग ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. वसतिगृहांच्या बाबतीत मात्र ही भूमी अजूनही एकच आहे.

इथंच इतकी वसतिगृहं का?

पहिलं कारण डोंगरावर आहे. पाचगणीची हवा इंग्रजांना मानवली आणि मिशनऱ्यांनी तिथं निवासी शाळा काढल्या. मुलींचं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५ चं, किमिन्स १८९८ चं. मुलांची सेंट पीटर्स विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची. पुढे पारशी मंडळींची बिलिमोरिया, १९२२ मध्ये संजीवन विद्यालय, १९४५ मध्ये बहाई पंथाची न्यू एरा आणि अंजुमन-इ-इस्लामची शाळा अशी भर पडत गेली. एका छोट्या पठारावर ख्रिस्ती, पारशी, बहाई, मुस्लिम आणि हिंदू व्यवस्थापनांच्या निवासी शाळा शेजारी शेजारी उभ्या राहिल्याचं असं दुसरं उदाहरण महाराष्ट्रात सापडणं कठीण. खाली सांगलीत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपलं ठाणं उभारलं आणि मुलांसाठी बोर्डिंग चालवलं.

दुसरं कारण जातिव्यवस्थेत आहे. शेजारच्या कोल्हापुरात शिकायला आलेल्या खेड्यातल्या मुलाला खोली मिळत नसे आणि खानावळही मिळत नसे. राजर्षी शाहू महाराजांनी यावर जातवार वसतिगृहांचा उपाय काढला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी वसतिगृहांची रांग लागली. सांगली-मिरज परिसरातल्या जैन कुटुंबांची मुलं अशा बोर्डिंगांत शिकली. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेसारख्या संस्थांनी ही वसतिगृहं उभी केली नसती, तर त्या पिढीतल्या शेतकरी घरांत पदवीधर झालेच नसते. पुढे १९३४ मध्ये समंतभद्र महाराजांनी कुंभोजजवळ बाहुबली इथं ब्रह्मचर्याश्रम काढला. सूर्यास्तापूर्वी जेवण, पहाटे उठणं, पूजा, स्वाध्याय या चाकोरीत शिकलेल्या मुलांच्या अनेक पिढ्या या भागात आहेत.

तिसरं कारण पाण्याचं आणि पोटाचं. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या कोरड्या तालुक्यांतून माणसं कायम बाहेर गेली. खानापूर-आटपाडी भागातले गलाई कारागीर सोनं-चांदी गाळायला देशभर पसरले. जावळी-पाटणची माणसं मुंबईत माथाडी झाली. घर फिरतं असलं की मूल आजी-आजोबांकडे तरी राहतं किंवा वसतिगृहात. ज्या बापाला वर्षातून एकदा गावी यायला मिळतं, त्याला धर्माच्या नावानं चालणारी संस्था जास्त भरवशाची वाटते. फी कमी, जेवण शुद्ध, वातावरण पवित्र. या विश्वासाला हसण्यासारखं काही नाही. पालकांनी मूल सोपवलं ते निष्काळजीपणानं नाही, नाइलाजानं आणि श्रद्धेनं. ज्या संस्थेवर असा विश्वास टाकला जातो, तिची जबाबदारी मात्र त्यामुळे कितीतरी वाढते.

एका विद्यार्थ्याची हकालपट्टी

या भागातल्या धार्मिक वसतिगृहाच्या शिस्तीची सर्वांत मोठी साक्ष एका विद्यार्थ्याच्या हकालपट्टीतून आली आहे. वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकच्या जैन कुटुंबातला भाऊराव पाटील हा मुलगा कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होता. १९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृहाचा समारंभ झाला आणि भाऊराव त्याला गेले. परतल्यावर बोर्डिंगचे अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे यांनी आंघोळ करूनच आत यायला सांगितलं. भाऊरावांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे शाहू महाराजांनी त्यांना आपल्याकडे आसरा दिला.

या प्रसंगात लठ्ठ्यांना खलनायक करणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. लठ्ठे विद्वान होते, ब्राह्मणेतर चळवळीचे नेते होते. पुढे त्यांनी शाहू महाराजांचं इंग्रजी चरित्र लिहिलं आणि १९३७ च्या मुंबई मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री झाले. असा सुधारक माणूससुद्धा बोर्डिंगच्या खुर्चीत बसला की नियमाचा पहारेकरी झाला. म्हणजे नियम राबवणारा माणूस दुष्ट असावाच लागतो असं नाही. संस्था नियमाला धर्म मानते आणि नियमावरच्या प्रश्नाला पाखंड मानते, तेव्हा सज्जन माणसाच्या हातूनही मुलावर अन्याय होतो. धार्मिक निवासी शाळांबद्दल जगभर आलेल्या साक्षींमध्ये ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते.

या कथेचा पुढचा भाग तेवढाच महत्त्वाचा आहे. १९१४ मध्ये कोल्हापुरात एका पुतळ्याला डांबर फासण्याचं प्रकरण झालं आणि संशयाची सुई लठ्ठ्यांकडे वळवली गेली. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर जबरदस्त दबाव आला, छळ झाला. ज्यानं आपल्याला बोर्डिंगमधून काढलं त्याच्यावर सूड उगवण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी खोटं बोलायला नकार दिला. त्या त्रासात त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. माजी विद्यार्थी तक्रार करतात ती सूडबुद्धीनं किंवा कोणाच्या सांगण्यावरून, असा आरोप आजही सर्रास होतो. ज्याला अन्याय सोसावा लागला, तोच खोट्या साक्षीला सर्वांत ठाम नकार देऊ शकतो, हे या भागानं पाहिलेलं आहे.

कडक असूनही खुलं

हकालपट्टीच्या अनुभवातून भाऊरावांनी वसतिगृह ही कल्पनाच नव्यानं मांडली. मिरज तालुक्यातल्या दूधगावात त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवण्याचा पहिला प्रयोग केला. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं आणि २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नाव मिळालं. जैन घरात सोवळ्यात वाढलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत जेवू घातलं आणि बोर्डिंगच्या चुलीसाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिलं.

हे बोर्डिंग लाडाकोडाचं नव्हतं. मुलं पाणी भरत, दळत, स्वयंपाक करत, शेतात राबत. स्वावलंबन हेच ब्रीद होतं, आणि भाऊराव रागावले की भल्याभल्यांची बोबडी वळे. तरीही तिथून बाहेर पडलेल्यांच्या आठवणींत कृतज्ञतेचा सूर प्रबळ आहे. बॅरिस्टर पी. जी. पाटील या बोर्डिंगमध्ये वाढले, पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि त्यांनी भाऊरावांचं इंग्रजी चरित्र अनेक खंडांत लिहिलं. माजी विद्यार्थ्यानं आपल्या अधीक्षकासाठी आयुष्याची इतकी वर्षं द्यावीत, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र कोणतं?

जैन बोर्डिंग आणि शाहू बोर्डिंग यांत फरक कडकपणाचा नव्हता. कष्ट तर शाहू बोर्डिंगमध्ये जास्त होते. फरक असा की तिथला नियम सगळ्यांना सारखा लागू होता, त्याचं कारण मुलाला समजत होतं, आणि नियम चालवणारा स्वतःही तोच भाकरतुकडा खात होता. कोणत्याही मुलाला तिथं स्वतःची जात धुऊन काढावी लागत नव्हती.

वाईची प्राज्ञपाठशाळा हे आणखी एक उदाहरण. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे नंतरचे केवलानंद सरस्वती, यांनी उभारलेल्या या पाठशाळेत वेद, न्याय, मीमांसा यांचं कसून शिक्षण होई. विनोबा भावे १९१७ मध्ये तिथं काही काळ शिकले. धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरहून किशोरवयात वाईला आलेले लक्ष्मणशास्त्री जोशी इथंच घडले आणि १९२३ मध्ये कोलकात्याहून ‘तर्कतीर्थ’ झाले. पुढे त्यांनी अस्पृश्यतानिवारणासाठी शास्त्राधार मांडले, मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेले, आणि ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला १९५५ मध्ये मराठीतला पहिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सनातनी विद्येच्या शाळेतून धर्मचिकित्सक बाहेर पडला आणि तरीही गुरुशिष्यांचं नातं टिकलं. धार्मिक शिक्षण म्हणजे मनाला कुलूप, असं समीकरण मांडणाऱ्यांनी वाईकडे पाहावं. श्रद्धेच्या शाळेतही प्रश्नाला जागा असू शकते.

दूरच्या आई-वडिलांची मुलं

पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये पन्नासच्या दशकात झांझिबारहून फारोख बलसारा नावाचा पारशी मुलगा आला. तेव्हा तो जेमतेम आठ-नऊ वर्षांचा होता. पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावानं तो जगभर गाजला. आई-वडील समुद्रापलीकडे, सुट्टी बहुतेक मुंबईतल्या नातेवाइकांकडे, आणि शाळा अँग्लिकन परंपरेतली. त्याच शाळेत त्याचं पियानो शिकणं झालं, मित्रांबरोबर पहिला वाद्यवृंद तिथंच जमला. त्याच वयात घरापासून तुटल्याची खूण त्याच्या चरित्रकारांना सतत दिसत राहिली. एकाच शाळेनं मुलाला संगीत दिलं आणि एकटेपणही दिलं. यातलं एक मान्य करताना दुसरं नाकारायची गरज नाही.

निवासी शाळेतलं मूल त्रास सांगत नाही, याची कारणं साधी आहेत. पूर्वी अनेक बोर्डिंगांत घरी जाणारं पत्र शिक्षकाच्या नजरेखालून जाई. आज बहुतेक ठिकाणी मोबाइल वर्ज्य असतो आणि आठवड्याचा फोन अधीक्षकांच्या खोलीतून, त्यांच्या समोर होतो. भेटीचा दिवस महिन्यातून एकदा. बाप शंभर-दीडशे किलोमीटरवरून येतो, हातात डबा असतो, मूल त्याचा चेहरा पाहून गप्प बसतं. धार्मिक संस्थेत आणखी एक अडसर असतो. गुरू, फादर, मौलाना, महाराज यांच्याबद्दल वाईट बोलणं म्हणजे पाप, असं मुलाला आधीच शिकवलेलं असतं. त्यामुळे मारही त्याला स्वतःचीच चूक वाटतो. ही लाज पंधरा-वीस वर्षांनी उतरते; म्हणून साक्षी इतक्या उशिरा येतात. उशीर हा खोटेपणाचा पुरावा मानणारे मुलाचं मन कसं चालतं हे विसरतात.

पालकांनी आवाज उठवल्याचा महाराष्ट्रातला एक मोठा प्रसंग पुण्यातला. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेलं शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आलं. विधवा आणि निराधार मुलींसाठी ते मोठंच आश्रयस्थान होतं. १८९३ मध्ये मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव टाकला जातो असा आरोप झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं की आपल्या प्रार्थनेत मुली स्वेच्छेनं येतात. त्या वादात वर्तमानपत्रं बोलली, मंडळ बोललं, पालक बोलले. मुलींचं म्हणणं मात्र मागे पडलं. घरी परत नेलेल्या विधवा मुलीपुढे काय वाढून ठेवलं होतं, हेही कोणी फारसं विचारलं नाही. आजही अशी प्रकरणं धर्माधर्मांतली भांडणं होतात तेव्हा मूल पुन्हा एकदा बाजूला पडतं. शाळा कोणत्या धर्माची, यावरून आपला राग किंवा आपलं मौन ठरवणाऱ्यांना मुलाची काळजी नसते, त्यांना फक्त लढाई हवी असते.

जगानं ऐकलं तेव्हा

आयर्लंडमध्ये कॅथलिक संघांनी चालवलेल्या निवासी औद्योगिक शाळांतल्या माजी विद्यार्थ्यांचं म्हणणं अनेक दशकं कोणी मनावर घेतलं नाही. १९९९ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या मालिकेनं ते घराघरात पोहोचवलं, पंतप्रधानांनी माफी मागितली, चौकशी आयोग नेमला गेला आणि २००९ मध्ये न्यायमूर्ती रायन यांचा अहवाल आला. मारहाण ही तिथली रीतच होती, आणि मुलग्यांच्या संस्थांत लैंगिक अत्याचारही सर्रास होते, असा निष्कर्ष त्यात होता. शिक्षण खात्यावरचा ठपकाही तेवढाच गंभीर होता. तपासणी अधिकारी धर्मसंघांपुढे दबून राहिले आणि तपासणी नावापुरती उरली.

कॅनडात आदिवासी मुलांना घरातून नेऊन चर्चच्या निवासी शाळांत ठेवलं जाई. अशा मुलांची संख्या सुमारे दीड लाख सांगितली जाते. सत्य आणि सलोखा आयोगानं २००८ ते २०१५ या काळात ६,५०० हून अधिक जणांचं म्हणणं नोंदवलं. त्या नोंदींत छळाच्या कथा आहेतच, शिवाय एखाद्या प्रेमळ शिक्षिकेची, खेळाच्या मैदानाची आठवणही आहे. आयोगानं त्या आठवणी लपवल्या नाहीत, आणि त्यांच्या आडून छळही झाकला नाही.

आपल्याला जवळचं वाटेल असं उदाहरण इस्कॉनच्या गुरुकुलांचं. अमेरिकेतलं डल्लास आणि भारतातली वृंदावन, मायापूर इथल्या निवासी गुरुकुलांत सत्तर-ऐंशीच्या दशकात भक्तांची मुलं ठेवली जात. मोठी झालेली ती मुलं बोलू लागली, तेव्हा १९९८ मध्ये संस्थेनं आपल्याच नियतकालिकात छळाची कबुली देणारा अभ्यास छापला आणि बालसंरक्षण कार्यालय उघडलं. २००० मध्ये ४४ माजी विद्यार्थ्यांनी डल्लासमध्ये दावा लावला. २००५ मध्ये सुमारे ९५ लाख डॉलरच्या भरपाईवर तो मिटला. बोलणाऱ्यांपैकी काही जण आजही कृष्णभक्त आहेत. संस्थेतल्या अत्याचाराविरुद्ध बोललं की धर्म सोडला, असं होत नाही. या तिन्ही उदाहरणांत संस्था वेगळ्या आहेत, वागणूक मात्र सारखी: आधी नाकारणं, मग ‘चार वाईट माणसं’ म्हणणं, आणि खूप उशिरा ऐकणं.

आपल्याकडे आज काय आहे

महाराष्ट्रात हा प्रश्न जुना झालेला नाही. आळंदीत जोग महाराजांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तिनं कीर्तनकारांच्या पिढ्या घडवल्या. त्या संस्थेशी संबंध नसलेल्या कितीतरी खासगी निवासी संस्था अलीकडे आळंदीत उभ्या राहिल्या. त्यांतल्या काही ठिकाणी अल्पवयीन मुलांवरच्या अत्याचाराचे गुन्हे नोंदले गेले, तेव्हा आळंदीकर ग्रामस्थच रस्त्यावर आले आणि राज्य महिला आयोगाला दखल घ्यावी लागली. वारकरी परंपरेवर प्रेम असणारी माणसंच इथं मुलांसाठी उभी राहिली, ही मोठी गोष्ट आहे. सांगली जिल्ह्यात २०१८ मध्ये वाळवा तालुक्यातल्या कुरळप इथल्या निवासी आश्रमशाळेत मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण उघड झालं आणि संस्थापकाला अटक झाली. ती शाळा धार्मिक नव्हती. बंद दाराचा धोका फक्त धर्माच्या शाळेत असतो, अशा समजुतीत कोणी राहू नये.

कायद्याची स्थिती पालकांनी नीट समजून घ्यायला हवी. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. शारदा सदनच्या वादात जो प्रश्न लोंबकळत राहिला, त्याचं हे उत्तर आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घातली. पण २०१२ च्या दुरुस्तीनं मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था या कायद्याच्या बाहेर ठेवल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालानं अल्पसंख्याकांच्या शाळाही बाहेर गेल्या. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच एका पीठानं या निकालाचा फेरविचार मोठ्या पीठाकडे सोपवण्याची गरज मांडली. म्हणजे जिथं मूल चोवीस तास संस्थेच्या ताब्यात असतं, तिथंच सर्वांत जवळचा कायदा पातळ होतो.

म्हणून या संस्थांना रान मोकळं आहे असं मात्र नाही. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ प्रत्येक संस्थेला लागू आहे. मुलाला सांभाळणाऱ्या संस्थेच्या माणसानं क्रूरपणा केला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पॉक्सो कायदा २०१२ शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या, नोकरीतल्या माणसानं केलेला अत्याचार अधिक गंभीर मानतो. माहिती मिळूनही पोलिसांना न कळवणारा संस्थाप्रमुख स्वतः गुन्हेगार ठरतो. या कायद्याखाली तक्रारीला मुदत नाही; वयानं मोठा झालेला माजी विद्यार्थीही पुढे येऊ शकतो. ‘प्रकरण संस्थेच्या पातळीवर मिटवू’ असं म्हणणारा विश्वस्त पालकांवर उपकार करत नसतो, तो कायदा मोडत असतो.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप असा की अशा साक्षींमुळे चांगल्या संस्था बदनाम होतात. बदनामी साक्षीनं होत नाही, दडपणुकीनं होते. ज्या संस्थेनं तक्रार आल्यावर स्वतः पोलिसांना कळवलं, ती लोकांच्या नजरेतून उतरत नाही. दुसरा आक्षेप, आम्हीही मार खाल्ला आणि घडलो. घडलो हे खरं. पण आपण मारामुळे घडलो की मार असूनही घडलो, हे प्रत्येकानं प्रामाणिकपणे स्वतःला विचारावं. त्याच तुकडीतली जी मुलं शाळा सोडून गेली, त्यांची साक्ष स्नेहसंमेलनात कधीच ऐकू येत नाही. तिसरा आक्षेप, काही तक्रारी खोट्या असतात. असतीलही. म्हणूनच ऐकून घेणारी, तपासणारी तिऱ्हाईत यंत्रणा हवी. तिच्यामुळे निर्दोष शिक्षकालाही न्याय मिळतो.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ही वसतिगृहं बंद पडली तर गरिबाचं मूल जाईल कुठं? हा प्रश्न टाळून चालणार नाही. जतच्या कोरडवाहू शेतकऱ्याला वसतिगृह म्हणजे लेकराच्या शिक्षणाचं एकमेव दार असतं. म्हणून मागणी वसतिगृहं बंद करण्याची असू नये, ती उघडी करण्याची असावी.

उघडी म्हणजे कशी?

पालकांनी प्रवेशाच्या दिवशी काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. संस्था कोणत्या खात्याकडे नोंदलेली आहे? मुलाला आमच्याशी कोणी समोर नसताना बोलता येईल का? आम्ही न कळवता आलो तर भेटू द्याल का? रात्री मुलांच्या झोपायच्या खोलीची जबाबदारी कोणाची? शिक्षा काय आणि कोण करतं? प्रार्थनेला न बसणाऱ्या मुलाचं काय होतं? यातल्या एकाही प्रश्नावर ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असं उत्तर आलं, तर सावध व्हावं. खरी श्रद्धा असलेली संस्था या प्रश्नांनी दुखावत नाही. आणि मूल परत जायला तयार नसेल, तर ते हट्ट करतंय असं धरून चालण्याआधी त्याला जवळ बसवून दोन दिवस नुसतं ऐकावं.

संस्थांनी १०९८ हा बालमदतीचा क्रमांक प्रत्येक खोलीत ठळक लावावा. मुलांना तो लावता येईल असा फोन त्यांच्या हाताशी असावा. मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती, तक्रारपेटी या सरकारी आदेशांतल्या गोष्टी कागदावर न ठेवता पेटीची किल्ली संस्थेबाहेरच्या माणसाकडे द्यावी. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात फक्त यशस्वी मुलांचा सत्कार न करता, शाळा अर्ध्यात सोडलेल्यांनाही बोलवावं. विश्वस्तांना आपल्या संस्थेबद्दल सर्वांत जास्त शिकवतील ती हीच माणसं.

सरकारनं धर्म न पाहता निवासी संस्था पाहाव्यात. सातारा आणि सांगलीच्या जिल्हा प्रशासनानं आपल्या हद्दीतल्या प्रत्येक वसतिगृहाची यादी करावी, मग ते कॉन्व्हेंट असो, मदरसा असो, वेदपाठशाळा असो, वारकरी संस्था असो किंवा आश्रमशाळा. तपासणी न कळवता व्हावी, मुलांशी एकांतात बोलून व्हावी, आणि अहवाल पालकांना वाचायला मिळावा. शिक्षण हक्क कायद्याच्या सवलतीचा अर्थ अभ्यासक्रमाची मोकळीक एवढाच राहावा. मुलाच्या अंगावर हात टाकायची मुभा कोणत्याही धर्मानं मागितलेली नाही आणि कोणत्याही कायद्यानं ती देऊ नये.

ज्यांनी वसतिगृहातल्या यातना उशिरा का होईना बोलून दाखवल्या, त्यांनी आपल्या शाळेशी द्रोह केलेला नाही. आज त्याच खोल्यांत झोपणाऱ्या मुलांसाठी त्यांनी ते केलं. सातारा-सांगलीच्या मातीत एका काढून टाकलेल्या विद्यार्थ्याच्या नकारातून महाराष्ट्रातली मोठी शिक्षणसंस्था उभी राहिली. त्या वारशाचा अभिमान सांगणाऱ्या समाजानं आजच्या नाराज विद्यार्थ्याला गप्प बसवू नये. संस्था किती पवित्र आहे हे तिच्या मंदिरावरून, चॅपलवरून किंवा मशिदीवरून ठरवू नये. तिथलं सर्वांत लहान मूल तक्रार घेऊन कोणाच्या दारात जाऊ शकतं, आणि तिथं त्याला बसायला सांगितलं जातं की परत पाठवलं जातं, यावरून ते ठरवावं.